हीटर गरम हवा देईना: बायपास, फ्लश की नवा कोर, मुंबईच्या गाडीसाठी काय घ्यावं

मुंबईत गाडीचा हीटर बंद पडलाय हे कळतं तेच मुळात उशिरा. वर्षभर एसी चालू, आणि मग डिसेंबरात पहाटे नाशिक नाहीतर महाबळेश्वरला निघालो की नॉब लाल बाजूला फिरवायचा आणि समोरून गारच वारा. परत आल्यावर गॅरेजमध्ये तीनपैकी एक उत्तर मिळतं: "बायपास मारून टाकू, मुंबईत कुठे लागतो हीटर", किंवा "फ्लश करून बघू", किंवा सरळ "हीटर कोर गेलाय, डॅशबोर्ड उघडावा लागेल". तिन्हींच्या खर्चात प्रचंड फरक आहे आणि बऱ्याचदा तिन्हींपैकी एकाचीही गरज नसते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. पेट्रोल, डिझेल, सीएनजी गाडीत हीटरची उष्णता इंजिनच्या गरम कूलंटचीच, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाचीच असते. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, तोच हीटर कोर, त्यातून गरम कूलंट फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे हीटर थंड झाला तर प्रश्न फक्त आरामाचा नाही, कदाचित इंजिनला थंड ठेवणारी यंत्रणाच काहीतरी सांगतेय. कूलंट कमी झालं की पुष्कळ गाड्यांत सगळ्यात आधी हीटरच गार पडतो, इंजिनच्या तापमानाचा काटा वर जायच्याही आधी. त्यामुळे "मुंबईत हीटर लागत नाही" हे वाक्य मला अजिबात पटत नाही.

तपासणी घरच्या घरी होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा (गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं कूलंट अंगावर येतं). पातळी ठीक असेल तर गाडी चालवून इंजिन नीट गरम करा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि बॉनेट उघडून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आत जाणारे दोन होज पाइप शोधा. जाड कापड धरून हळूच हात लावा, रेडिएटरच्या फॅनपासून लांब राहून, कारण तो कधीही सुरू होऊ शकतो. दोन्ही पाइप सारखेच चांगले गरम असतील तर कोर ठीक आहे, दोष गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेत किंवा ती हलवणाऱ्या केबलमध्ये, मोटरमध्ये. एक गरम आणि एक गार किंवा कोमट असेल तर कोर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह उघडत नाहीये. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी, आत हवा अडकलेली, थर्मोस्टॅट उघडा अडकलेला किंवा वॉटर पंप कमजोर. एवढ्या तपासणीवर अर्धा निर्णय होतो, आणि ती न करता कोणी कोर बदला म्हणत असेल तर मी तिथून गाडी काढीन.

थर्मोस्टॅटबद्दल जरा जास्त बोलायला हवं. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, तोवर कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आपल्याकडे जुन्या गाड्यांत गरम होण्याच्या भीतीने तो काढूनच टाकायची सवय आहे, "मुंबईच्या ट्रॅफिकला हे बरं" म्हणून. मग इंजिन नीट गरम होत नाही, मायलेज पडतं आणि हीटर कोमटच राहतो. ओळखायचं कसं? ईस्टर्न एक्स्प्रेसवर मोकळा रस्ता मिळाला की काटा खाली उतरतो आणि सिग्नलला थांबलं की परत वर येतो. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत असं दिसलं तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते विचारा. पार्ट छोटा, काम बहुतेक गाड्यांत तासा-दोन तासांचं, कोरच्या खर्चाशी तुलनाच नाही.

सीएनजीवाल्यांनी एक वेगळी गोष्ट बघायची. किटच्या रेड्यूसरला (गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागाला) गरम कूलंट लागतं, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ते बहुतेक वेळा हीटरच्याच पाइपमधून टी जोडून घेतलेलं असतं. जोडणी चुकली किंवा बसवताना आत हवा राहिली तर हीटर गार पडतो, आणि गॅसवर गाडी झटके देत असेल तर दोन्हीचं मूळ एकच असू शकतं. किट बसवल्यानंतर हीटर गेला असेल तर कोरला हात लावायच्या आधी किटवाल्याकडे जा.

आता मूळ तुलना. हवा अडकलेली असेल तर तिन्ही उपाय बाजूला ठेवा, ती काढणं जवळपास फुकट. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर गाडीचं तोंड वर करून उभी करायची, हँडब्रेक आणि चाकाला दगड लावून, थंड इंजिनवर झाकण काढायचं, हीटर फुल गरम, इंजिन सुरू, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत कूलंट भरत राहायचं. काही गाड्यांत हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा.

फ्लश हा तुंबलेल्या कोरसाठी. वर्षानुवर्षं साधं नळाचं पाणी भरलेल्या गाड्यांत आत गंज आणि गाळ साचतो, लीक थांबवायची पावडर किंवा बाटली ओतली असेल तर तीही इथेच येऊन बसते, कारण कोरच्या नळ्या बारीक. दोन्ही पाइप काढून उलट्या दिशेने, म्हणजे जिथून कूलंट बाहेर येतं तिथून, हलक्या प्रेशरने पाणी सोडायचं, तपकिरी पाणी निघतं, स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवायचं. प्रेशर जास्त झालं तर जुना कोर फुटतो, म्हणून मशीनवाल्यापेक्षा हाताने, सावकाश करणारा मिस्त्री बरा. शेवटी कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर योग्य प्रमाणात भरायचं, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत तेच. पाइप एक गरम एक गार, आणि आत गळती नाही, तर माझं मत सरळ फ्लशच्या बाजूने. हीटरचा व्हॉल्व्ह तेवढा आधी तपासा.

नवा कोर फक्त गळतीसाठी, किंवा फ्लश करूनही काही फरक नाही तेव्हा. गळतीच्या खुणा म्हणजे केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट थर, पायाखालचा कार्पेट ओला आणि कूलंट कमी होत जाणं. इथे मुंबईकरांनी सावध राहायला हवं, कारण एसीचा ड्रेन पाइप तुंबला तरी कार्पेट असाच ओला होतो आणि ते आपल्याकडे फार कॉमन आहे. बोटाला साधं पाणी लागलं तर ड्रेन, चिकट आणि रंगीत लागलं तर कोर.

कोर बदलायचा खर्च मुख्यतः मजुरीचा. पुष्कळ गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड निघतो, काहींत एसीचा गॅस काढून परत भरावा लागतो. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना कोर आणून बसवणं मला चुकीचं वाटतं, पार्टवर थोडे पैसे वाचतात आणि तो गळला तर अख्खी मजुरी परत. नवाच घ्या, आणि एसीची कूलिंग कॉइल त्याच डब्यात असेल आणि ती पण गळत असेल तर एकाच वेळी करून घ्या. ज्याने तुमच्याच मॉडेलचा डॅशबोर्ड आधी उघडलाय अशाकडेच द्या, नाहीतर नंतर खड्ड्यांत प्लॅस्टिक वाजत राहतं.

बायपास सगळ्यात स्वस्त, दोन पाइप एकमेकांना जोडून कोर बाजूला. कसारा घाटात कोर फुटला आणि पायावर कूलंट आलं तर हाच उपाय बरोबर, घरी पोचता येतं. पण कायमचा ठेवायचा असेल तर काय जातं ते बघा. जुलैत काच आतून धुरकटली की एसी आणि गरम हवा एकत्र ही सगळ्यात चटकन काच साफ करणारी जोडी, एसी हवा कोरडी करतो आणि गरमी काच तापवते, ती जाते. घाटाच्या जॅममध्ये काटा वर चढायला लागला की एसी बंद करून हीटर फुल करायची युक्ती, जी इंजिनची थोडी उष्णता बाहेर काढते, ती पण जाते. आणि पाइप जोडण्याऐवजी नुसते बूच मारून बंद केले तर काही इंजिनांत कूलंटचं फिरणंच बिघडतं, म्हणून बायपास केलाच तर लूप केलाय ना ते स्वतः बघा.

झडपेचा दोष असेल तर जुन्या छोट्या गाड्यांत केबल निसटलेली असते, कुठलाही बरा मिस्त्री बसवून देतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर मोटर गेलीये, तिथे स्कॅनर लागतो, ऑथराइज्डकडे जा. फ्लश आणि थर्मोस्टॅटला ओळखीचं गॅरेज पुरतं.

कूलंट कमी होतंय पण कुठे गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, तर हीटर विसरा आणि आधी हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) तपासून घ्या.

काढलेलं कूलंट गटारात किंवा कंपाउंडमध्ये ओतू देऊ नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात, म्हणून डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्या आणि सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन घ्या.