चेसी खरी, खोक्यातल्या मोटरी बनावट

लेगो टेक्निकच्या जुन्या मोटरी सेकंडहँड घ्यायच्या बेतात असाल आणि विकणारा ठाणे-बेलापूर पट्ट्यात 'प्रत्यक्ष भेटून, बघून घ्या' म्हणत असेल, तर यूपीआयचा पिन टाकण्याआधी हे वाचून घ्या. माझे साडेसोळा हजार गेलेत. माणूस दिसायला सज्जन, बोलायला मऊ आणि विषयाचा पक्का जाणकार आहे. मुख्य म्हणजे तो फारसं खोटं बोलत नाही. त्याने मला सांगितलेलं जवळजवळ प्रत्येक कारण खरं होतं. फक्त ते माझ्या हातातल्या मोटरींना लागू नव्हतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेगोच्या तुकड्यांतून ट्रक, क्रेन, बुलडोझर बांधायचा आणि तो रिमोटवर चालवायचा, यासाठी कंपनीने २००७ मध्ये 'पॉवर फंक्शन्स' नावाची मोटरींची मालिका आणली. त्यात एम, एल आणि एक्सएल अशा तीन मापांच्या मोटरी, स्टिअरिंगसाठी सर्वो, सहा पेन्सिल सेलचा बॅटरी बॉक्स आणि टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालणारा रिसीव्हर. २०१८ पासून कंपनी 'पॉवर्ड अप'कडे वळली. ते ब्लूटूथवर चालतं आणि त्याचा प्लगही वेगळा. जुनी मालिका बंद झाली, पण ज्यांच्या घरी जुने सेट आहेत त्यांना मोटरी जुन्याच लागतात. त्यात आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. नवा सेट घ्यायचा तर घरात आधी बैठक बसवावी लागते. त्यामुळे सगळी गर्दी जुन्या मालाकडे, आणि जिथे गर्दी तिथे असे लोक.

माझा भाचा ठाण्याला वर्तकनगरला राहतो, अकरावीत आहे. सहा चाकांचा, जुन्या लेलँडच्या तोंडवळ्याचा ट्रक बांधायचं त्याच्या डोक्यात होतं. मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना एकेक एक्सएल आणि पुढे सर्वो. मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मोटरींशी रोजचा संबंध, म्हणून खरेदीचं काम मामाकडे आलं.

जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर या गृहस्थांची जाहिरात सापडली. पहिला व्यवहार छोटा होता. एक एम मोटर आणि एक रिसीव्हर, ऐरोली स्टेशनच्या बाहेर. माल अस्सल आणि भाव बाजारापेक्षा कमी. वर दोन जोडवायरी 'असू द्या सर, भाच्याला' म्हणून फुकट दिल्या. नंतर कळलं की हा त्याचा ठरलेला रिवाज आहे. पहिल्या वेळी तो सगळ्यांनाच अस्सल माल देतो.

पुढच्या आठवड्यात त्याचाच मेसेज आला. एका ओळखीच्यांचा मुलगा परदेशी चाललाय, अख्खा साठा काढायचाय. दोन एक्सएल, एक एल, एक सर्वो, सगळं खोकाबंद. शिवाय बॅटरी बॉक्स, रिसीव्हर आणि अडीच किलो सुटे तुकडे. साडेसोळा हजारात सगळं. भेटायचं वाशी स्टेशनला, संध्याकाळी सातनंतर.

त्या दिवशी त्याने सोबत एक बांधलेली चेसी आणली होती. आता हा भाग नीट वाचा, कारण सगळी खुबी इथे आहे. पिवळ्या बॉनेटची उघडी चेसी, मागे एक्सएल, पुढे सर्वो, वर बॅटरी बॉक्स. स्टेशनच्या आतल्या फरशीवर त्याने ती सोडली आणि माझी ऑफिसची बॅग, डबा आणि पाण्याची बाटली आत असलेली, तिला पट्ट्याने बांधून ओढून दाखवली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका लहान मुलीने तर रिमोटच मागितला. 'एक्सएलची ताकद बघा सर,' तो म्हणाला. ताकद होतीच. त्या चेसीतली मोटर अस्सल होती, यात मला आजही शंका नाही.

मग त्याने खोकी काढली. खोकी कंपनीचीच, एक्सएलवर ८८८२ हा तिचा क्रमांक छापलेला. एक खोकं उघडून मोटर बॅटरी बॉक्सला जोडली, ती भिरभिरली, परत आत ठेवली. बाकीची उघडायला लागलो तर म्हणाला, 'टेप काढली की खोक्याची किंमत जाते सर. उद्या तुम्हाला विकायचं झालं तर?' हेही खरंच आहे. जमवणारे लोक बंद खोक्याला जास्त पैसे देतात. आणि चेसीतच मोटर बसवून बघू म्हटल्यावर, 'ती माझी पर्सनल आहे, खोलली तर पोराला दोन दिवस लागतात परत बांधायला.' पैसे यूपीआयने गेले.

रविवारी भाच्याने मोटरी ट्रकमध्ये बसवल्या. हवेत उचलून धरला की चाकं झकास फिरायची. जमिनीवर ठेवला की ट्रक वीतभर जाऊन थांबायचा आणि आतून कडकड आवाज यायचा. मी फोन लावला. त्याने लगेच उचलला. (हे लोक फोन टाळतात हा आपला गैरसमज आहे. मुरलेला माणूस पहिले काही फोन आवर्जून उचलतो, तेवढ्यात तक्रारीची वेळ निघून जाते.)

'कुठे चालवताय सर? बाल्कनीत? उन्हात आयआर चालत नाही हो.' बरोबर आहे. उन्हात इन्फ्रारेड असतंच, रिसीव्हरला रिमोटचा सिग्नल ओळखू येत नाही. आम्ही हॉलमध्ये पडदे ओढून बसलो. ट्रक तसाच.

'सेल चार्जिंगचे आहेत का? मग बरोबर.' हेही खरं. साधा सेल दीड व्होल्टचा, सहा मिळून नऊ. चार्जिंगचा सेल १.२ चा, सहा मिळून ७.२. मोटर नऊवर चालायला बनवलेली, तेव्हा जोर कमी पडणारच. नवे अल्कलाइन सेल आणले. ट्रक वीतभराच्या जागी दीड वीत गेला.

'सर्वो मधे येऊन थांबत नाही म्हणताय? साध्या रिमोटवर तो पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडेच जातो. मधल्या पायऱ्यांना स्पीड रिमोट लागतो.' अगदी बरोबर. स्पीड रिमोटवर अस्सल सर्वो प्रत्येक बाजूला सात पायऱ्यांत वळतो. पण साध्या रिमोटवरही बटण सोडलं की तो सरळ मधे यायला हवा. आमचा यायचा तो कधी मधे, कधी थोडा अलीकडे. उत्तर खरं होतं, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं.

घसरला तो रंगावर. एका मोटरीचा करडा रंग शेजारच्या तुकड्यांशी जुळत नव्हता, जरा मातकट होता. मी फोटो पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला: 'लेगोने मधे करडा रंग बदलला ना सर, जुना करडा आणि नवा करडा. तुमचा जुना आहे. उलट दुर्मिळ म्हणायचा.' भाच्याने तो मेसेज ऐकला आणि हसायलाच लागला. 'मामा, करडा रंग २००४ च्या आसपास बदलला. पॉवर फंक्शन्स आली २००७ ला. जुन्या करड्यात ही मोटर असेलच कशी?' पोरगं गणितात काठावर असतं, पण हे तारखांसकट पाठ.

मग आम्ही खोलात गेलो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. अस्सल एक्सएल भरते ६९ ग्रॅम, एल ४२, एम ३१. आमच्या दोन्ही 'एक्सएल' पन्नाशीच्या आसपास. आत तांबं, लोखंड आणि गिअर कमी किंवा हलके असल्याशिवाय एवढा फरक पडत नाही. नंतर दोरा आणि बाटली. साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला दोरा बांधला, दुसऱ्या टोकाला लिटरची भरलेली पाण्याची बाटली, मोटर टेबलाच्या कडेला घट्ट धरली. एवढं वजन अस्सल एक्सएल आरामात वर गुंडाळते, एम मात्र अडते. आमच्या एक्सएलने बाटली जमिनीवरून जेमतेम उचलली आणि आतले दात निसटले. कडकड आवाजाचा उगम तोच. तुलनेसाठी ऐरोलीला घेतलेली एम लावली. तीही अडली, पण दात न निसटता गप्प उभी राहिली. अस्सल आणि नकलीतला फरक त्या दोन आवाजांत आहे. सेल ताजे होते, आणि दर खेपेला दोन-तीन सेकंदांपलीकडे अडवून धरली नाही. तुम्हीही धरू नका, मोटर तापते.

बिनभाराची फिरणारी मोटर काहीच सिद्ध करत नाही. आमच्या कारखान्यात नवी मोटर अशी नुसती फिरवून कोणी पास करत नाही, आणि त्याला हे माहीत होतं. म्हणून तर भाराची परीक्षा त्याने त्याच्या चेसीवर घेतली आणि बिनभाराची माझ्या खोक्यावर.

सुट्या तुकड्यांची गत तीच. पिशवीत वरचा थर अस्सल, खाली भेसळ. अस्सल तुकड्यांच्या स्टडवर, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांवर, कंपनीचं नाव उठवलेलं असतं, ते बघणं सोपं. टेक्निकच्या बीमला, म्हणजे भोकांच्या पट्ट्यांना, स्टड नसतात, तिथे लोक फसतात. बीमवर नाव बारीक अक्षरांत असतं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून शोधावं लागतं. दुसरी खूण पिनांची. काळ्या पिना भोकात घट्ट बसायला हव्यात, पण अंगठ्याने काढता यायला हव्यात. आमच्यातल्या निम्म्या पिना पक्कड लावून काढाव्या लागल्या आणि काही आपोआप गळून पडायच्या. चिनी ब्लॉक सगळे वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. काही कंपन्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डिझाइनचा बरा माल विकतात आणि तसं सांगून विकतात. इथे भाव अस्सलचा लावला होता.

मी पैसे परत मागितले. तो लगेच तयार झाला, हीच पुढची पायरी. 'सर, माल आधी कुरिअर करा, रिफंडचा क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा.' क्यूआर आला, त्यावर साडेसोळा हजारांचा आकडाही होता. स्कॅन केल्यावर पिन मागितला. पैसे मिळवायला ना स्कॅन करावं लागतं ना पिन लागतो, पिन फक्त द्यायला लागतो. मी तिथेच थांबलो आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. त्यानंतर त्याचा नंबर लागला नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. पावती क्रमांक मिळाला. मधे बरेच दिवस गेलेले असल्याने त्या खात्यात गोठवायला काही उरलं नव्हतं. असा प्रकार घडला तर हा फोन त्याच दिवशी करा, कारणं ऐकत बसू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहून. आपण ज्याला 'चारसोबीस' म्हणतो ते १ जुलै २०२४ पासून तिथे आहे. हवालदारसाहेबांनी अर्ज वाचला, मोटर हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, 'खेळण्याला साडेसोळा हजार?' अर्ज मात्र घेतला, शिक्का मारून प्रत दिली. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला. बिल घेऊन दुकानातून घेतलं असतं तर ग्राहक आयोगाचा रस्ता सरळ होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. इथे बिल नाही, दुकान नाही आणि नावही बहुधा खोटं.

भाच्याने शोधाशोध केली तेव्हा डोंबिवलीचा एक कॉलेजचा मुलगा आणि पनवेलचे एक काका सापडले. दोघांचाही पहिला व्यवहार छोटा आणि अस्सल, दुसरा मोठा. काकांकडे तर जुन्या करड्या रंगाचा तोच व्हॉइस मेसेज आहे, शब्दन् शब्द तोच. तिघांचे अर्ज आता एकत्र दिलेत.

जाहिरात परत लागली आहे. नाव वेगळं, भेटायची जागा आता ठाणे स्टेशन, पश्चिमेची बाजू, साठा 'दुबईहून परतलेल्या कुटुंबाचा'. तिसऱ्या फोटोत हिरव्या कटिंग मॅटवर तीच पिवळ्या बॉनेटची चेसी आहे, डाव्या बाजूचा पुढचा मडगार्ड नसलेली. भेटलात तर खोक्यांकडे बघूच नका. ती चेसी मागा, आतल्या मोटरींसकट, आणि भाव त्याला ठरवू द्या. तो देणार नाही. कोणी आग्रह धरलाच आणि तो काय म्हणाला ते कळवलंत, तर आमच्या तिघांच्या अर्जाला जोडता येईल.