पेरणीचा निर्णय आणि साधा पर्जन्यमापक

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. परंतु आपल्या रानात नेमका किती पाऊस पडला, हे बहुतेक शेतकरी अदमासानेच ठरवतात. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय, म्हणजे अनेक गावांच्या गटामागे एक अशी आहेत, आणि एकाच मंडळात एका शिवारातून ओढा वाहतो तेव्हा दुसऱ्या शिवारातली धूळही बसलेली नसते. म्हणूनच मी प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक शेतात बसवला आणि तो मला अतिशय उपयुक्त वाटला.

झाडे व गोठा यांपासून दूर, मोकळ्या जागी खांब रोवून त्यावर मापकाचे तोंड समपातळीत ठेवावे लागते. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, नळी डोळ्यांसमोर धरून आकडा वहीत लिहावा आणि पाणी ओतून द्यावे. मोठ्या खुणा ठसठशीत आहेत. पाच मिलिमीटरच्या आतल्या खुणा मात्र फार दाट असल्याने नीट वाचता येत नाहीत. पेरणीच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ आहे.

केवळ बेरजेवर विसंबून मात्र चालत नाही. तासाभरात कोसळलेले साठ मिलिमीटर बरेचसे वाहून जातात, तेवढाच पाऊस तीन दिवस रिमझिम पडला तर जमिनीत मुरतो. म्हणून खुरप्याने उकरून ओल किती खोल गेली आहे ते पाहावे आणि भारी काळ्या रानात वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल ओसरून माती पेरणीजोगी ओलसर होईपर्यंत, पेरणीची तिफण धरू नये. शिवाय मापक झालेला पाऊस सांगतो, येणारा नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, पण पुढे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची वाटचाल रखडली. अशा वर्षी मेमधला आकडा पाहून पेरणे म्हणजे दुबार पेरणी ओढवून घेणे होय. त्यामुळे वहीसोबत हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवरील पाच दिवसांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्लाही पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

बियाण्याच्या एका पिशवीच्या तुलनेत या साधनाची किंमत नगण्य आहे. सततच्या उन्हाने नळी पिवळी पडून खुणा पुसट होतात, तेव्हा ती सुटी बदलून मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.