कॅन्सर सेल बायॉलॉजीचा वीकेंड क्लास, कर्वे रोड: नेटवाल्यांनी नक्की करा

एमएस्सी आणि नेट परीक्षावाल्यांसाठी पुण्यात कर्वे रोडला हा क्लास चालतो, यावेळचा विषय सेल सिग्नलिंग (पेशीतले निरोप), सायटोस्केलेटन (पेशीचा आतला सांगाडा) आणि कॅन्सर, फी पूर्ण वसूल. कारण मॅडम सिग्नलिंग आणि सायटोस्केलेटन हे दोन वेगळे चॅप्टर म्हणून शिकवतच नाहीत. कॉलेजात आपण आधी रास (वाढीचा सिग्नल देणारं प्रोटीन) पाठ करतो, मग कधीतरी ॲक्टिन (सांगाड्यातल्या धाग्यांचं प्रोटीन), आणि दोघांचा कॅन्सरशी मिळून काय संबंध ते कुणी सांगतच नाही.

रासला जीटीपी हा छोटा रेणू चिकटला की रास चालू, त्या जीटीपीचं जीडीपी झालं की बंद. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत सापडलं की रासच्या जीनमधलं एकच अक्षर बदललंय, त्यामुळे प्रोटीनमध्ये १२व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल, आणि तेवढ्यानं रास बंदच होईना, वाढीचा सिग्नल चालूच. इथवर सगळ्यांना येतं, पण मॅडम लगेच विचारतात, वाढली ते ठीक, पण पेशी गाठ सोडून दुसरीकडे जाते कशी? मग रासच्याच गोतावळ्यातले ऱ्हो, रॅक आणि सीडीसी४२ ही प्रोटीन्स येतात. ॲक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉइडिननं ॲक्टिन रंगवलेली पेशी स्क्रीनवर मोठी करून दाखवली, पुढच्या कडेला पसरट पापुद्रा तो रॅकमुळे, त्यातून निघालेली बारीक बोटं सीडीसी४२मुळे, आणि मागचा भाग आकसून ओढला जातो तो ऱ्होमुळे. त्यात पेशींना एकमेकींशी जोडणारं ई-कॅडहेरिन कमी झालं की शेजारच्या पेशीची पकडही सुटते. हे एकदा बघितलं की मेटास्टॅसिस (कॅन्सरचं दुसरीकडे पसरणं) पाठ करावं लागत नाही, खरंच!

औषधांचा भाग तर मला फारच भिडला. आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन मायक्रोट्यूब्यूल (सांगाड्यातल्या बारीक नळ्या) बनू देत नाही, पॅक्लिटॅक्सेल उलट बनलेल्या सुटू देत नाही, दोन्हीकडून पेशी विभाजनातच अडकते. नसांमधली वाहतूकही याच मायक्रोट्यूब्यूलवरून चालते म्हणून हातापायाला मुंग्या येतात, माझ्या मावशीला पॅक्लिटॅक्सेल चालू असताना फार त्रास व्हायचा, तो कशानं ते इथे कळलं.

तक्रार एकच, नोट्स ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स आहेत, रंगीत फोटोंचा नुसता काळा डाग होतो, या विषयाला हे चालणारच नाही. पीडीएफ मागून घ्या, देतात. आणि इमॅटिनिब, सोटोरासिब ही नेमक्या प्रोटीनवरची कॅन्सरची औषधं शेवटी घाईत उरकली, त्याला अजून एक लेक्चर हवंच होतं.

जी-प्रोटीन (जीटीपीनं चालू-बंद होणारी प्रोटीन्स) आधी वाचून जा. पार्किंगची बोंब आहे, गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशनला उतरून चालत गेलेलं बरं.