कुत्र्याच्या ‘कोल्हापुरी लेदर’ पट्ट्यात माझे २४,२०१ रुपये गेले, तुमचे घालवू नका

हिशोब आधी देते म्हणजे कमेंटमध्ये कोणी विचारायला नको. पट्टा २,३४९, मॅचिंग लीश १,४९९, नाव कोरलेली पितळी प्लेट ३५०, म्हणजे ४,१९८ सामानाचे. मग ५ रुपये ‘रिव्हर्स पिकअप’चे, म्हणजे पट्टा परत न्यायला येणाऱ्या कुरिअरचे. आणि त्या पाच रुपयांच्या मागोमाग ९,९९९ आणि परत ९,९९९. एकूण २४,२०१. आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या मानेवर जे पुरळ आलं त्याचे डॉक्टरांचे आणि मलमाचे १,०३५ यात धरलेलेच नाहीत. आता काय हसायचं ते हसून घ्या, आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय.

इन्स्टावर पेज दिसलं. दगडावर ठेवलेला तपकिरी पट्टा, जाड शिलाई, पितळी बक्कल, खाली लिहिलेलं ‘फुल ग्रेन, वेज टॅन, जीआय सर्टिफाइड कोल्हापुरी लेदर, आमच्या कारागिरांच्या हातचं’. फुल ग्रेन म्हणजे कातड्याचा सगळ्यात वरचा, अखंड थर. माझं माहेर कोल्हापूरजवळच्या कागलचं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, म्हणजेच वेज टॅन करतात, हे मला कोणी शिकवायला नको. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने आपल्यासारख्या चपला दाखवल्यापासून तर जो तो कोल्हापुरीचं नाव लावून काहीबाही विकतोय, तेही मला दिसत होतं. पण २०१९ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, हे कोल्हापुरी चपलेला आहे, कुत्र्याच्या पट्ट्याला नाही, हे मात्र त्या क्षणी डोक्यात आलं नाही. येणार कसं, जीआय हा शब्द वाचला की माणूस मान डोलावतो आणि पुढे वाचतो.

आणि मी न विचारता घेतलेलं नाही बरं का. घरी ऐकवतात ना, ‘दिसलं की घेतलं’, तसं काही नाही. मी व्हॉट्सॲपवर नीट विचारलं होतं, लेदर वेज टॅन आहे की क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या रसायनात कमावलेलं? उत्तर आलं, ‘दोनो है मॅडम’.

दोनो है. हा मेसेज मी नंतर किती वेळा उघडून वाचलाय मला माहिती. ज्याला चामड्यातलं ओ की ठो कळत नाही तोच असं उत्तर देणार. कोल्हापूरचे कारागीर म्हणवणारा हिंदीत ‘दोनो है’ म्हणतो आणि कागलची बाई तिथे थांबत नाही! पण मी का थांबले नाही ते ऐका. सेमी-क्रोम नावाचा प्रकार खरंच असतो, आधी झाडांच्या टॅनिनमध्ये कमावलेलं चामडं परत क्रोममध्ये मुरवतात. मी ते वाचलेलं होतं. म्हणून मला वाटलं, बिचाऱ्याला नीट सांगता येत नाहीये, सेमी-क्रोम म्हणायचं असेल त्याला. त्याचं खोटं मीच पूर्ण करून दिलं! मला काहीच माहिती नसतं तर मी दुकानात जाऊन साधा नायलॉनचा पट्टा आणला असता आणि सुखात राहिले असते. हिंदीचं म्हणाल तर आजकाल कोल्हापुरातसुद्धा ऑर्डर घेणारी पोरं हिंदीत बोलतात, त्यात संशय घेण्यासारखं काय होतं? पट्ट्याच्या कापलेल्या कडेचा फोटो मागितला तर परत तोच दगडावरचा फोटो पाठवला. पैसे पाठवताना यूपीआयवर कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं. नाव असलेली वस्तू म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी नाही. बरं.

कड बघा, कड. पट्टा घेताना वरचा चकचकीत भाग कोणीही छान करतो. कड काळ्या जाड रंगाने रंगवून बंद केलेली असेल तर आत काहीतरी लपवायचं आहे असं समजून चला. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, वेज टॅनची कड घासून घासून गुळगुळीत करतात, तिच्यावर प्लास्टिकसारखा थर नसतो. आणि ‘जेन्युइन लेदर’ एवढंच लिहिलं असेल तर खूश होऊ नका, तो शिक्का बऱ्याचदा सगळ्यात हलक्या, खालच्या थराच्या चामड्यावरच असतो.

पट्टा आला तेव्हा वास चामड्याचा नव्हता, नव्या रेक्झिनच्या सीटचा होता. तरी घातला. पहिल्याच पावसात भुऱ्याच्या मानेवरचा पांढरा भाग तपकिरी झाला, दोन-तीन दिवसांत खाजवून खाजवून लाल. हे टाळायला एक सोपी गोष्ट आहे जी मला डॉक्टरांनी नंतर सांगितली, घरी आल्या आल्या पांढरा ओला फडका पट्ट्यावर आतून-बाहेरून घासायचा, रंग उतरला तर घालायचाच नाही. नंतर एकदा रस्त्यावर मांजर दिसली, भुऱ्याने ओढलं, आणि लीश माझ्या हातात, कुत्रा टेम्पोसमोर. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज शिव्या द्यायला हा विषय शिल्लक आहे. लीश अडकवायची डी-रिंग उघडली होती, नुसती वाकवून टोकाला टोक आणून ठेवलेली, झाळलेली नव्हतीच. रिंगचा जोड बोटाने चाचपून बघा, फट लागली तर पट्टा परत. आणि ते सॉलिड ब्रास बक्कल? फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं, टक्कन चिकटलं. पितळेला चिकटत नाही.

कोपऱ्यावर चपला शिवणारे काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी रापीने एक टोक कापलं आणि बोलले, ‘ताई, हे चामडं न्हाई, चामड्याचा चुरा हाय.’ आत राखाडी भुगा डिंकाने दाबलेला, मध्ये जाळीचं कापड, वर रंगीत पापुद्रा, तो नखाने सोलला तर साबुदाण्याच्या पापडासारखा निघून आला.

मग सुरू झालं रिफंडचं. पेजवाला आधी म्हणाला कस्टम ऑर्डर आहे, नो रिटर्न. मी म्हटलं जाहिरातीत लिहिलेलं एक आणि पाठवलं दुसरं, घ्यावंच लागेल परत, आणि हे बरोबरच होतं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की माल जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तो लगेच मऊ झाला. इथे खरं तर घाबरायला हवं होतं, पण मला वाटलं कायदा सांगितल्यावर टरकला. ‘कुरिअर’वाल्याचा मेसेज आला, पिकअप स्लॉट बुक करायला ही फाइल इन्स्टॉल करा, पाच रुपये कार्डाने भरा. ओटीपी कोणाला सांगू नका हे आपल्याला पाठ आहे, आणि मी कोणालाही सांगितला नाही, शपथेवर सांगते. सांगायची गरजच नव्हती, त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी घेतली होती आणि कार्डाचा नंबर मी फॉर्ममध्ये भरलेला होता. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाइल उघडायची नाही, मग ती कुरिअरची असो, लग्नपत्रिका असो की आरटीओचं चलान.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, पोर्टलवर नोंद झाली. त्याची प्रत घेऊन आमच्या भागातल्या चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी अख्खा अर्ज वाचला आणि शेजारच्याला म्हणाले, ‘अरे ऐक, कुत्र्याचा पट्टा, चार हजार!’ मग मला, ‘मॅडम, एवढ्यात माणसाचा पट्टा येतो की चांगला.’ अहो, मी वीस हजार गेल्याची तक्रार घेऊन आले आहे, पट्ट्याच्या किमतीवर मत विचारायला नाही! मग म्हणे पेज कोल्हापूरचं दिसतंय, हद्द आमची नाही, तिकडे जा. म्हटलं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. तर म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही, मी वकील नाही, मी पैसे गेलेली बाई आहे. मग पंखा बंद पडला, मग साहेब जेवायला गेले, मग सही करणारे रजेवर. पोचपावती मिळाली ती भाऊ सोबत आल्यावर, त्याने तोंडसुद्धा उघडलं नाही, नुसता उभा राहिला. बाईने कायदा सांगितला तर वकील, पुरुष नुसता उभा राहिला तर पोचपावती.

बँकेची तर वेगळीच तऱ्हा. ‘ओटीपी टाकला गेलाय म्हणजे तुमच्याकडूनच गेलाय.’ मी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची प्रिंट काढून नेली, कळवल्यानंतर जे व्यवहार होतील ते तरी बँकेच्या अंगावर असतात, आणि दुसरे ९,९९९ मी कस्टमर केअरला फोन केल्यानंतर गेलेत, कॉल लॉगमध्ये वेळ आहे. काउंटरवरच्या मुलीने प्रिंटचा फोटो काढला आणि म्हणाली वर पाठवते. वर म्हणजे कुठे ते अजून कळलेलं नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, मी करणार आहे. सामानाच्या ४,१९८ साठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला नोंदवलंय, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही हे कोणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आणि हो, असं काही झालं तर फोन लगेच फॉरमॅट करू नका, नेट बंद करा, कार्ड ब्लॉक करा, आधी सगळे स्क्रीनशॉट. मी घाबरून ॲप उडवलं आणि आता तपासायला ती फाइलच नाही म्हणतात.

नवा पट्टा त्या काकांनीच करून दिला, ६५० रुपयांत, एक इंच रुंद, वेज टॅन, झाळलेली कडी. माप भुऱ्याच्या मानेवर दोरा गुंडाळून घेतलं, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा सोडून. भिजला की पुसून सावलीत वाळवते, उन्हात नाही, ड्रायरने तर नाहीच, कडक होऊन तडकतो. पावसाळ्यात बुरशी येते, कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर जागी टांगायचा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही. स्वयंपाकाचं तेल लावू नका, खवट होतं आणि कुत्रा चाटत बसतो, मधमाश्यांच्या मेणाचं बाम बोटभर पुरतं. रात्री पट्टा काढून ठेवते, मानेला हवा लागते.

पेजचं नाव बदललंय, फोटो तोच आहे, वर ‘सेल ४०% ऑफ’ लागलंय. दगडावरचा तपकिरी पट्टा, बक्कलच्या डाव्या बाजूला शिलाईचा एक टाका चुकलेला. तो फोटो बघून कोणी पैसे भरले असतील तर पेमेंटच्या स्क्रीनशॉटसकट मला मेसेज करा, माझ्या तक्रारीचा नंबर देते, तुमच्या अर्जात त्याचा उल्लेख करा.