बॅटरीत निघाली वाळू

आमचा गोठा माणदेशातल्या माळावर आहे, गावापासून तीन किलोमीटर आत. तिथवर विजेचा खांब आलेला नाही. छपरावर 100 वॅटचं एक सोलर पॅनल आहे, त्यावर दोन दिवे आणि मोबाईल चालतो. 64 शेरडं आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला आंत्रविषाराची लस टोचावीच लागते, कारण पहिल्या पावसाचं कोवळं गवत भरपेट खाल्लं की संध्याकाळपर्यंत चांगलं धष्टपुष्ट करडू पाय झाडून मरतं. ही लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. दरवर्षी तालुक्याला जायचं, लस आणायची आणि त्याच दिवशी धावपळ करून टोचायची. शेजारच्या वस्त्यांवरचेही म्हणायचे, आमच्यासाठी पण आण. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज घ्यायचं मनात होतं.

एप्रिलमध्ये मोबाईलवर एक व्हिडिओ आला. 40 लिटरची पेटी, आत पाण्याची बाटली, दोन तासांत पाण्याचा दगड. ‘कॉम्प्रेसर मशीन, उणे 20 पर्यंत, सोबत 100 एएच लिथियम बॅटरी, सगळं मिळून 24,900.’ एएच म्हणजे अँपिअर-तास, एक अँपिअर ओढला तर बॅटरी तेवढे तास पुरते. फोन केला तर माणूस अगदी अदबीने बोलला. दादा, शेतकऱ्यासाठी खास रेट लावलाय म्हणाला. मी कशासाठी घेतोय हे त्याला सविस्तर सांगितलं होतं, लस, गोठा, उन्हाळा सगळं. निम्मे पैसे आधी पाठवले, निम्मे पार्सल हातात आल्यावर दिले.

पार्सल आलं तेव्हा बॅटरी एका हाताने उचलून मी आत नेली. हलकी आहे म्हणून आनंदच झाला. इथेच मी चुकलो. आमच्याकडे करडं तोलायचा टांगता काटा आहे. त्याला ती तेव्हाच अडकवली असती तर 3 किलो 800 ग्रॅम हा आकडा दिसला असता आणि हजारदा विचार केला असता. 12 व्होल्टची खरी 100 एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण 10 ते 12 किलोची असते. इन्व्हर्टरची साधी ॲसिडची त्याच ताकदीची घ्याल तर 25 किलोच्या वरच. वजन खोटं बोलत नाही.

दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासात लसीच्या तीन बाटल्या आणल्या आणि संध्याकाळी पेटीत ठेवल्या. सात वाजता पेटी बॅटरीवर लावली, 4 अंश सेट केले, डिस्प्लेवर 4 दिसलं. निवांत झोपलो. रात्री अकरा-सव्वाअकराला जाग आली ती शांततेने. पंख्याचा आवाज थांबला होता. मला वाटलं, गार झाली म्हणून बंद पडली असेल. सकाळी आठला झाकण उघडलं तर आतून वाफ नाही, गारवा नाही. काचेचा थर्मामीटर ठेवला. 26 अंश. डिस्प्लेवरचे 4 म्हणजे आपण मागितलेले 4, आत किती आहे ते तो सांगतच नव्हता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बाटल्या फेकून दे. मी म्हटलं, रंग तर तसाच आहे. त्यावर ते म्हणाले, बिघडलेली लस दुधासारखी नासत नाही, वास येत नाही, टोचून झाल्यावर वाटतं काम झालं, आणि जनावर मेल्यावर कळतं की झालं नव्हतं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. पलीकडच्या वस्तीवरचे तात्या सकाळी नऊ वाजता त्यांची तीस शेरडं घेऊन येणार होते. मी झाकण उघडून थर्मामीटर ठेवला नसता तर त्यांना तीच टोचली असती.

मग विक्रेत्याला फोन. तो म्हणाला, तुमची वायर बारीक असणार, व्होल्टेज पडतं. हे अर्धं खरं आहे म्हणूनच घातक आहे. बारीक वायरीने 12 व्होल्टला खरंच व्होल्टेज पडतं आणि मशीन लवकर बंद होते. मी तालुक्याला जाऊन जाड वायर आणली, 600 रुपये गेले. फरक शून्य. मग म्हणाला, नवीन बॅटरी चार-पाच वेळा चार्ज होऊ द्या. तेही केलं. या ‘अजून थोडं बघा’मध्ये तीन आठवडे गेले. नंतर नंबर लागेना.

त्या तीन आठवड्यांत मी मात्र हिशेब करायला शिकलो. इनव्हर्टर दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने एक छोटा वॅटमीटर दिला, वायरीच्या मधे जोडायचा. पेटी सतत 48 वॅट ओढत होती, म्हणजे सुमारे 4 अँपिअर. 100 एएच असती तर चोवीस तास चालली पाहिजे, चालत होती चार तास. म्हणजे बॅटरी सतरा एएचच्या आसपास. दुसरी खूण त्याहून सोपी होती, माझ्या डोळ्यांदेखत असून मला दिसली नाही. 100 वॅटचं पॅनल कडक उन्हात 5-6 अँपिअर देतं. 100 एएचची रिकामी बॅटरी त्यावर भरायला तीन-चार दिवस हवेत. माझी रोज दुपारी बाराच्या आत फुल व्हायची आणि मी खूष व्हायचो.

आणि पेटी? ती कॉम्प्रेसरची नव्हतीच. कॉम्प्रेसर असला की हलकी घरघर येते, गार झालं की थांबते, थोड्या वेळाने परत सुरू होते. माझ्या पेटीत नुसता पंखा, अखंड. हिला पेल्टिअरची पेटी म्हणतात. बाहेरच्या हवेपेक्षा फार तर 15-20 अंश खाली जाते, त्यापुढे नाही. माळावर 41 असताना दुपारभर चालवली तरी आत 23 च्या खाली काटा गेला नाही. थंड हवेच्या ठिकाणी सरबताच्या बाटलीला चालेल. आमच्या एप्रिलात लसीला ती मेलेलीच. शिवाय ती थांबतच नाही, म्हणजे दिवसाला हजारावर वॅट-तास खाणार, आणि माझं पॅनल चांगल्या उन्हात चारशेच्या आसपास देतं. बॅटरी खरी असती तरी ही जोडी जमलीच नसती. चाळीस लिटरचा खरा कॉम्प्रेसरही वॅट तेवढेच ओढतो, पण थांबत थांबत. अशा उकाड्यात दिवसाला पाच-सहाशे वॅट-तास धरा, म्हणजे पॅनलही दुप्पट हवं. त्या ‘उणे 20’ला मी भुललो, पण ही लस गोठली तरी वाया जाते. आपल्याला त्याचा उपयोगच नव्हता.

शेवटी मेकॅनिकच्या दुकानात व्हिडिओ लावून बॅटरी उघडली. घरी कोणी उघडू नका, पाना चुकीच्या जागी टेकला तर आग लागते. झाकणाखाली फोमचा तुकडा, त्याखाली बोटाएवढे निळे सेल, 24, तीनतीनच्या आठ रांगा. एका सेलमध्ये दोन-सव्वादोन एएच असतात. रांगेतले तीन एकामागोमाग जोडले की व्होल्टेज वाढतं, एएच तेवढेच राहतात, म्हणजे आठ रांगांचे मिळून सतराच. सेलवर मात्र 9900 एमएएच, म्हणजे जवळजवळ दहा एएच छापलेलं. मेकॅनिक म्हणाला, या आकाराच्या सेलमध्ये साडेतीन-चार हजारांच्या वर काही बसत नाही. खालचा निम्मा डबा जड लागत होता. त्याने उलटा केला तर चिकटपट्टीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी पडली. आत वाळू. बारीक, चाळलेली, कोरडी. कुणीतरी बसून ती चाळली होती, तोलली होती आणि पिशवीला नीट गाठ मारली होती, आपल्यासारख्या माणसाला हातात वजन लागावं म्हणून. पैशापेक्षा मला त्या गाठीचा राग आहे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे यूपीआयने गेले होते म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही कळवलं, पण तीन आठवडे उशीर झाला होता. संशय आला त्याच तासाला करायला हवं होतं. तक्रार गेल्यावर दुसऱ्याच नंबरवरून तो बोलला, 5,000 देतो, मिटवा. नाही म्हटलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, विक्रेता कुठलाही असो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैशाची पावती आणि काट्यावर टांगलेल्या बॅटरीचा फोटो जोडला आहे. तुमच्याकडे अशी पेटी आली तर खोका फोडतानाच व्हिडिओ काढा. तो माझ्याकडे नाही आणि त्याची उणीव मला आता भासते आहे.

लस सध्या जाड थर्माकोलच्या पेटीतून आणतो. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून लगेच भरत नाही. वर घाम येऊ देतो, पॅक कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मगच भरतो, नाहीतर बाटल्या गोठतात. मधे थर्मामीटर ठेवतो. गेल्या खेपेला घरी पोचलो तेव्हा 5 अंश होते. तात्यांची शेरडं गुरुवारी टोचायची आहेत, पहाटेच्या पहिल्या एसटीने निघणार आहे.