पोस्टरवरचं सगळ्यात मोठं नाव

समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हाळी संगीत महोत्सवात मी फसले. तिकीट खोटं नव्हतं बरं का. गेटवर कोड नीट स्कॅन झाला, मनगटावर पट्टाही बांधला गेला. खोटी होती ती पोस्टरवरची नावं.

अशा पोस्टरवर अक्षरांचा आकार मानाप्रमाणे ठरतो. सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरांत हेडलायनर, म्हणजे मुख्य कलाकार. खाली येईल तसा टाइप बारीक. आमच्या पोस्टरवर वर दोन नावं होती, एक बँड आणि एक गायिका. त्या दोघांसाठीच मी आणि मैत्रिणीने दोन दिवसांचे पास काढले. खालची नावं मी धड वाचलीही नव्हती.

पहिल्या रात्री बँडच्या नावाने एकच माणूस लॅपटॉप घेऊन स्टेजवर आला. बँडमधलाच, अगदी खरा. तासभर दुसऱ्यांची गाणी वाजवून गेला. याला ‘डीजे सेट’ म्हणतात आणि तसं नावापुढे लिहायची पद्धत आहे. आम्ही पैसे भरले तेव्हा ते दोन शब्द पोस्टरवर नव्हते. नंतर कधीतरी मुंगीएवढ्या अक्षरांत उगवले.

दुसऱ्या रात्री गायिका आलीच नाही. बराच वेळ ताटकळल्यावर घोषणा झाली : जोराच्या वाऱ्यामुळे कार्यक्रम रद्द. कारण पटण्यासारखं होतं. किनाऱ्यावर वारा वाढला की स्टेजचं छत, टांगलेले स्पीकर, मोठे पडदे सगळंच धोक्याचं होतं, आणि कार्यक्रम खरोखर थांबवावा लागतो. फक्त स्टेजशेजारचे झेंडे ढिम्म हलत नव्हते.

मैत्रिणीने तिथेच वाळूत बसून गायिकेची स्वतःची वेबसाइट उघडली. दौऱ्याच्या तारखांत त्या रात्रीचा तिचा कार्यक्रम होता, पण दुसऱ्याच खंडात! आणि तो आम्ही पास काढायच्या आधीच जाहीर झालेला. म्हणजे तेव्हा दोन मिनिटं खर्च केली असती तर... जाऊ दे. तुम्ही मात्र ती खर्च करा. मोठा कलाकार महोत्सवाला येणार असेल, तर सहसा त्याच्या स्वतःच्या पानावरही ती तारीख असते.

२०१७ मध्ये बहामामधल्या फायर फेस्टिव्हलची, म्हणजे आलिशान म्हणून गाजावाजा केलेल्या संगीत महोत्सवाची, फजिती झाली, तेव्हा लोक असे कसे भुलतात म्हणून मी हसले होते. तिथे निदान ब्लिंक-१८२ या बँडने आदल्या दिवशी स्वतःच कळवलं होतं की आम्ही येत नाही. आयोजक बिली मॅकफार्लंडला पुढच्या वर्षी सहा वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या आयोजकांचं उत्तर ठरलेलं : तिकीट महोत्सवाचं आहे, कलाकाराचं नाही, लाइनअप (कलाकारांची यादी) बदलू शकतो, ही अट तुम्ही मान्य केली आहे. केली होती, न वाचता. अट प्रामाणिक महोत्सवांतही असते. पण ठरलेला कलाकार ऐनवेळी न येणं वेगळं आणि न ठरलेल्याचं नाव छापणं वेगळं. पुरावा द्यावा म्हटलं, तर मूळ पोस्टर सगळीकडून गायब.

ते सापडलं मैत्रिणीच्या फोनवर. हौसेने वॉलपेपर करून ठेवलं होतं! तिने पैसे कार्डाने भरले होते. बँकेकडे तक्रार करून पोस्टर आणि दौऱ्याच्या तारखा जोडल्या, तिचे पैसे परत आले. मी सवलत मिळते म्हणून त्यांच्या खात्यावर थेट पाठवले होते. माझी बँक म्हणाली, ते तर तुम्हीच पाठवलेत.