डीएफ ६५ रेडिओ यॉट: एक हिवाळा आणि एक उन्हाळा क्लबात रेसिंग केल्यावर

ड्रॅगनफोर्स ६५ (डीएफ ६५) या रिमोटवाल्या छोट्या शिडाच्या बोटीवर मराठीत काहीच सापडलं नाही म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, हा रिव्ह्यू बोटीचा कमी आणि ती घेऊन क्लबात गेल्यावर काय होतं त्याचा जास्त आहे, कारण ही बोट एकट्याने तळ्यात फिरवायला घेतलीत तर तिसऱ्या रविवारी कंटाळाल.

मी इंग्लंडात असतो, लंडनच्या पश्चिमेला. इकडे खडीच्या जुन्या खाणींत पाणी भरून तलाव झालेत आणि त्यातल्या बऱ्याच तलावांवर सेलिंग क्लब आहेत. मोठ्या बोटी चालवणाऱ्यांचे गुडघे कुरकुरायला लागले की ते काठावर उभं राहून रिमोटवाल्या बोटींकडे वळतात, त्यामुळे आमच्या फ्लीटमध्ये बहुतेक मंडळी सत्तरीच्या पुढची. मी पन्नाशीच्या आतला म्हणजे तिथलं बाळच.

भारतात कुणालाही फोटो पाठवला की पहिला प्रश्न, मोटर कुठे आहे? मोटर नाही. लांबी ६५० मिमी, वजन सव्वा किलोच्या आसपास, खाली लांब फिन (पाण्यात खाली जाणारं पातं) आणि त्याच्या टोकाला जड बल्ब (वजनाचा गोळा). आत एक सर्वो (रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारं छोटं यंत्र) सुकाणू फिरवतो, दुसरा दोन्ही शिडं आत ओढतो नाहीतर सैल सोडतो, बस. पुढे ढकलायचं काम वाऱ्याचं. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा, त्यामुळे पंधरा-वीस जण शेजारी शेजारी उभे राहिले तरी एकमेकांच्या बोटी हलत नाहीत. बोटीत चार डबल-ए सेल लागतात, रिचार्जेबलच घ्या.

डिझाइन इकडचं, मार्क डिक्सचं, आणि बनवते चीनची जॉयस्वे. किंमत साधारण दोनशे पौंडांच्या घरात. हीच हौस तुम्ही आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) क्लासमध्ये करायची ठरवलीत, म्हणजे एक मीटरची, किमान चार किलोची बोट, तर नवी आणि रेसला तयार अशी दीड-दोन हजार पौंडांना सहज पडते. देखणी असते हं पण, चार किलोतलं निम्म्याहून जास्त वजन फिन आणि बल्बमध्येच असतं, त्यामुळे जोराच्या वाऱ्यातही ती सरळ रेघेत कापत जाते. ६५ चं तसं नाही, ती हलकी, लाट आली की थबकते. पण तिच्या क्लासचा नियम असा की हल (बोटीचं धड), फिन, रडर (सुकाणू), शिडांची मापं यात हात घालायचा नाही. सगळ्यांची बोट सारखीच, त्यामुळे हरलात तर बोटीवर बिल फाडता येत नाही, आणि माझ्या मते या पूर्ण प्रकारातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे.

आता चालवण्याबद्दल. बोट तुमच्यापासून लांब जात असताना सगळं सोपं. ती वळून तुमच्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवीन माणूस नेमका मार्कपाशी (ज्याला वळसा घालायचा तो पाण्यातला बोया) भलतीकडे वळतो. एका आजोबांनी उपाय सांगितला, आपणच अंग फिरवून बोटीच्या तोंडाच्या दिशेला छाती करायची आणि खांद्यावरून मागे बघायचं. दिसतं विचित्र पण दोन-तीन आठवड्यांत हाताला सवय लागते, मग अंग फिरवायची गरज उरत नाही.

शिडं गच्च आवळली की बोट पळते असं वाटतं, प्रत्यक्षात ती फक्त तिरकी होऊन आडवी घसरत राहते. वाऱ्यावर चढताना, म्हणजे वाऱ्याच्या समोर तिरकं जाताना, बूम (शिडाच्या खालची आडवी दांडी) मधल्या रेषेपासून हाताची एक-दोन बोटं बाहेर हवा आणि शिडाचा वरचा भाग थोडा जास्त उघडा. हे सेटिंग मी घरी डायनिंग टेबलवर टेबलफॅन लावून करतो, बायकोने त्यावर बोलणं आता सोडून दिलंय.

रेस दहा-बारा मिनिटांची असते, त्यामुळे एका सकाळी भरपूर होतात. स्पीकरवर मिनिटभराचा काउंटडाउन लागतो, शेवटचे दहा सेकंद एकेक करून मोजले जातात, आणि त्या दहा सेकंदांत जे होतं ते खरं भांडण. सगळे नंबराने ओरडतात, ‘चौतीस, स्टारबोर्ड!’ (म्हणजे वाट माझी) वगैरे. शिडावर दोन आकडी नंबर असतो, नावाने हाक मारून उपयोग नाही कारण कुठली बोट कुणाची हे काठावरून कळतच नाही. नियम मोठ्या बोटींचेच, त्यात रेडिओ सेलिंगसाठी परिशिष्ट ‘ई’ जोडलेलं आहे. एक फरक सांगतो, मार्कभोवतीचा झोन मोठ्या बोटींना तीन बोटींच्या लांबीचा असतो, रेडिओ बोटींना चार. म्हणजे ६५ साठी २.६ मीटर. काठावरून पन्नास मीटर लांबचे हे २.६ मीटर डोळ्यांनी ठरवायचे असतात, मग वाद होणार नाही तर काय. तुमची चूक असेल तर गर्दीतून बाजूला जाऊन एक गोल फिरायचं आणि पुढे निघायचं, चहाच्या वेळी कुणी तो विषय काढत नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

आणि हे सत्तरीचे लोक हरवतात कसे? ते बोटीकडे बघतच नाहीत. मी बोटीकडे बघत असतो आणि ते पाण्याकडे. वाऱ्याचा झोत येताना पाण्यावर काळसर खरबरीत पट्टा सरकत येतो, तो कुठून येतोय हे बघून त्यांनी टॅक (वाऱ्याच्या तोंडातून दुसऱ्या बाजूला वळणं) आधीच मारलेला असतो. आमच्या तलावाच्या पश्चिमेला उंच झाडं आहेत, त्यांच्या आडोशाला वारा पडतो आणि कडेने वळून येतो, तिथे दर चार मिनिटांनी पहिला नंबर शेवटचा होतो. मागच्या उन्हाळ्यात बाबा आले होते, त्यांना सेलिंगचं काही कळत नाही पण कोकणातला माणूस, खुर्चीत बसून ‘आता डावीकडनं येतंय बघ’ म्हणायचे आणि यायचं. त्या दिवशी मी वर होतो, आणि काठावरून बाहेरची मदत घेणं नियमात बसत नाही हे बाबांना समजावणं रेसपेक्षा अवघड गेलं.

वाऱ्याप्रमाणे रिग (डोलकाठी आणि शिडांचा संच) बदलावे लागतात, ए प्लस, ए, बी, सी असे उतरत्या आकाराचे. माझा हिशोब असा, वारा ताशी वीस किमीच्या वर स्थिर झाला की बी लावायचा. नाहीतर मागून वारा घेताना बोट पाण्यात नाक खुपसते, मागचा भाग हवेत आणि सुकाणू पाण्याबाहेर, मग तुम्ही रिमोटशी कितीही झटापट करा. इंग्लंडचा हिवाळा म्हणजे बी रिग नसेल तर निम्मे रविवार नुसता चहा प्यायला जायचं.

उन्हाळ्यात शेवाळ. फिनला एक धागा अडकला तरी वेग निम्मा होतो आणि वरून काही दिसत नाही, फक्त सगळे पुढे जातात. युक्ती अशी की बोट वाऱ्याच्या तोंडावर उभी करून तिला उलटी मागे सरकू द्यायची, बऱ्याचदा निसटतं. अगदीच मधे अडकली तर मासेमारीच्या दोरीला टेनिस बॉल बांधलेला असतो, तो पलीकडे फेकून हळूहळू ओढायची. हंसांची पिल्लं बाहेर पडली की मात्र तो कोपरा सोडूनच द्या, हंस नियम वाचत नाही.

देखभालीत विशेष नाही. हॅचला (वरच्या झाकणाला) टेप, रडरच्या दांड्यावर ग्रीस, घरी आल्यावर प्लग काढून आतलं पाणी ओतणं आणि हॅच उघडी ठेवून वाळवणं. सुटे सेल एका ऑनलाइन दुकानातून स्वस्त घेतले होते ते थंडीत ऐन रेसमध्ये बसले आणि बोट आपल्या मर्जीने पलीकडच्या काठाला जाऊन लागली, तेव्हा सेलवर पैसे वाचवू नका.

घ्यायची असेल तर आधी जवळच्या क्लबात कुठला क्लास चालतो ते विचारा, बोट नंतर. मला मोठी डीएफ ९५ घ्यायची फार इच्छा आहे, पण आमच्याकडे तिच्या रेस गुरुवारी सकाळी असतात आणि मी अजून रिटायर झालेलो नाही.